ठोकळ्यावर एकच स्वर कोरावा की अख्खा तुकडा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिझाइनच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तुम्ही लाकडी ठोकळ्यांचा संच करताय. एकेका ठोकळ्यावर सा, रे, ग असा एकेक स्वर आहे. मुलं ते फळीवरच्या खाचांत ओळीनं ठेवतात आणि फळी ती ओळ वाजवून दाखवते. गाणं-वाजवणं कधी न शिकलेल्या आठ ते बारा वर्षांच्या मुलांना स्वतःची चाल बांधता यावी, हा हेतू आहे. पण मुलं दहा मिनिटं खेळतात, सगळ्या खाचा भरतात, हसतात आणि उठून जातात. सेन्सर बदलावेत की दिवे वाढवावेत, असं तुम्ही विचारलंय.

सेन्सरला तूर्त हात लावू नका. मी गेली पंधरा वर्षं मुलांसाठी अशी वाजणारी साधनं बनवतोय आणि त्याआधी बरीच वर्षं तबला शिकलोय. त्या अनुभवावरून मला वाटतं, तुमची अडचण ठोकळ्यावर काय कोरलंय त्यात आहे.

पाच स्वर आणि आठ खाचा घेतल्या तर 3,90,625 वेगवेगळ्या मांडण्या होतात. त्यातली एक ऐकून झाल्यावर मुलानं पुढं काय करायचं? एक स्वर बदलला तर चाल कणभर बदलते, आणि ती सुधारली की बिघडली हे शिकलेल्या कानालाही चटकन सांगता येत नाही. नवख्याला तर ‘काहीतरी वाजलं’ एवढंच कळतं. खाचा भरून झाल्या की त्याच्या दृष्टीनं काम संपलेलं असतं. कोडं सुटल्यावर कोडं बाजूला ठेवतात, तसंच ते उठून जातं.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जीन बॅम्बर्गर यांनी यावर फार मोलाचं काम केलं आहे. त्या मूळच्या पियानोवादक. 1970च्या दशकात मुलांसाठीच्या ‘लोगो’ संगणकभाषेवर जिथं काम चाललं होतं, तिथं त्यांनी ‘ट्यूनब्लॉक्स’ तयार केले. संगणकावरच्या एका ठोकळ्यात एक सुटा स्वर न ठेवता चालीचा अख्खा तुकडा ठेवला, आणि मुलांना ते तुकडे जोडून चाल उभी करायला दिली. मुलं बोलायला लागली. हा तुकडा सुरुवातीचा वाटतो, हा अर्धवट सोडल्यासारखा वाटतो, हा शेवटचाच. संगीत न शिकलेल्या मुलाच्या कानात चालीच्या ओळखीचा मोठा साठा आधीपासून असतो आणि तो साठा तुकड्यांचा असतो. आपण गाणं आठवतो तेव्हा ओळ आठवतो, मुखडा आठवतो. ‘तिसरा स्वर कोणता होता’ असं कुणी आठवत नाही.

आपल्याकडे तर या तुकड्यांना नावंही आहेत. मुखडा, तुकडा, पलटा, तिहाई, उठाण. तबलजी आणि गवई रोज याच मापांत विचार करतात. तुमच्या ठोकळ्यांचं माप तिथूनच घ्या.

मी भूप रागाच्या स्वरांचे चार-चार मात्रांचे, म्हणजे चार-चार ठोक्यांचे, ठोकळे केले होते: ‘सा रे ग –’, ‘ग प ध प’, ‘सां ध प –’, ‘ग रे सा –’ (‘–’ म्हणजे आधीचा स्वर लांबवायचा, ‘सां’ म्हणजे वरचा सा). सोळा मात्रांच्या फळीवर असे चार ठोकळे बसतात. एक दहा वर्षांची मुलगी आली. तिनं ‘ग रे सा –’ दुसऱ्या जागी ठेवला, ऐकलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “ही मध्येच घरी गेली.” ठोकळा उचलून शेवटी ठेवला. परत ऐकलं. मग डब्यात तसाच दुसरा ठोकळा शोधला आणि पुन्हा दुसऱ्या जागी ठेवला. “आता जेवायला घरी येते आणि परत खेळायला जाते.” षड्जावर न्यास, म्हणजे चालीनं ‘सा’वर येऊन विसावणं, काय असतं हे मला त्या वयात कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. आणि ही मुलगी चाळीस मिनिटं बसली.

तेव्हापासून साधन जमलंय की नाही हे तपासायला मी एकच गोष्ट मोजतो: ऐकून झाल्यावर उचललेले ठोकळे. ठेवलेले किती, हे मोजत नाही. ऐकलं, पटलं नाही, काढला, दुसरीकडे ठेवला, असं ज्या फळीवर वारंवार घडतं तिथं चाल बांधणं सुरू झालेलं असतं. चाल बांधणं म्हणजे मुख्यतः परत ऐकणं आणि बदलणं. गळ्यातून निघालेली ओळ हवेत विरून जाते, नवख्याला ती तशीच्या तशी पुन्हा गाता येत नाही, मग बदलणार काय? फळीवरची ओळ मात्र तिथंच थांबलेली असते. हातात धरता येणाऱ्या साधनाचं खरं बळ मला यात दिसतं.

तुकड्यांचे ठोकळे केले की सगळं आपोआप जमतं असंही नाही. 1790च्या दशकात मोत्झार्टच्या नावावर छापलेला फाशांचा एक खेळ आहे. दोन फासे टाकायचे, आलेल्या आकड्याचा तुकडा तक्त्यातून उचलायचा, असं सोळा वेळा करायचं. प्रत्येक जागेसाठी अकरा पर्याय, म्हणजे एकूण 176 तुकडे. फासे कसेही पडोत, नृत्याची एक सुबक धून तयार होते. पण टाकणाऱ्यानं त्यात ठरवलेलं काहीच नसतं. तुमच्या संचाचं असं होऊ देऊ नका. कुठलाही तुकडा कुठंही ठेवला तरी गोडच वाजणार असेल, तर मुलाला निवडायला काही उरत नाही.

‘पाचच स्वर द्या म्हणजे काही चुकणारच नाही’ हा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. तो जुना आहे आणि अर्धा खराही आहे. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या संगीत-शिक्षणपद्धतीतल्या झायलोफोनच्या पट्ट्या सुट्या निघतात. मध्यम (म) आणि निषादाच्या (नी) पट्ट्या काढून ठेवल्या की उरतात ते आपल्या भूपाचे स्वर. पहिल्या दिवशी हे फार उपयोगी पडतं. पण आठवडाभर तेच राहिलं की मुलं कंटाळतात, कारण काही खटकत नाही तसं काही विशेष भिडतही नाही. मी तिसऱ्या बैठकीला मध्यमाचा एक ठोकळा देतो. वेगळ्या रंगाचा, आणि एकच. तो कुठं शोभतो आणि कुठं खुपतो यावर मुलांची भांडणं होतात. ती होऊ द्या.

शिवाय स्वर तेच असले म्हणून राग तोच होत नाही. भूप आणि देशकार यांचे स्वर एकच, पण भूपात गंधाराला (ग) मान आणि देशकारात धैवताला (ध), त्यामुळे चलन, म्हणजे स्वरांतून फिरायची रीत, निराळं. सुट्या स्वरांच्या ठोकळ्यांत हा फरक सापडणार नाही. तुकड्यांच्या ठोकळ्यांत तो आपोआप येतो, कारण चलन तुकड्यात राहतं.

आता फळीचा आकार. तुम्ही सरळ फळी घेतली आहे. मीही घेतली होती, आणि ती मोडायला मला एका तिहाईनं लावलं. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं.

तालाच्या फळीवर सोळा खाचा होत्या, त्रितालाच्या. मी तीन मात्रांचे तीन ठोकळे केले, प्रत्येकावर ‘गदि गन धा’ हे तबल्याचे बोल. ‘खाली’पासून, म्हणजे जिथं टाळी देत नाहीत त्या नवव्या मात्रेपासून, एकापुढे एक ठेवले की नऊ-दहा-अकरा, बारा-तेरा-चौदा, मग पंधरा, सोळा आणि शेवटचा धा थेट समेवर. तिहाईची सगळी गंमत त्या शेवटच्या धामध्ये. पण सरळ फळीवर तिसरा ठोकळा एका मात्रेनं बाहेर लटकायचा. मुलं तो आत ढकलायचा प्रयत्न करायची, मग म्हणायची, “काका, हा मावत नाही.” ज्या जागी संगीत सगळ्यात सुंदर होतं, नेमकी तीच जागा माझ्या फळीवर नव्हती.

मग गोल फळी केली. एक खाच पाच सेंटिमीटरची धरली तर सोळा खाचांचा घेर 80 सेंटिमीटर होतो आणि व्यास साधारण साडेपंचवीस. मोठ्या ताटाएवढी फळी, दोन मुलं समोरासमोर बसू शकतात. ठोकळे कमानीसारखे वाकडे कापावे लागतात, 18 मिलिमीटर प्लायमधून सुतार ते सहज कापून देतो. आता तिसरा ठोकळा पंधरा, सोळा आणि एक अशा तीन खाचांवर नीट बसतो. आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, काय असतं हे त्यानंतर मी कुणाला समजावलेलं नाही.

गोल फळीनंही पुढं मला अडवलं. एका मुलाला समेपासूनच तिहाई हवी होती. पाच मात्रांचा ‘तिट कत गदि गन धा’, एक मात्रा मोकळी, पुन्हा पाच, पुन्हा एक मोकळी, पुन्हा पाच. बेरीज सतरा. सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम, पण त्या खाचेत तर पहिल्या ठोकळ्याचं ‘तिट’ बसलेलं. त्या मुलानं मला विचारलं, “शेवटचा धा कुठं ठेवू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग आतल्या कड्याबाहेर दुसरं कडं केलं, पुढच्या आवर्तनाचं, आणि ‘धा’ ठोकळ्यापासून सुटा केला. शेवटचा धा आता बाहेरच्या कड्याच्या समेवर ठेवतात आणि वादन आतून बाहेर जातं. एक आवर्तन संपतं त्याच ठिकाणी दुसरं सुरू होतं, हे त्या सुट्या धामुळे हातात येतं.

मोकळ्या मात्रेबद्दलही सांगायला हवं. तुमची मुलं सगळ्या खाचा भरतात असं तुम्ही लिहिलंय. माझीही भरायची. रिकामी खाच दिसली की मुलाला काम अपुरं वाटतं. मग मी शांततेचा ठोकळा केला, वरून जाड लोकरी कापड चिकटवलेला, हाताला मऊ लागणारा. वाजत काहीच नाही, पण तो ठेवावा लागतो. त्या दिवसापासून मुलांच्या चालींत विसावा आला. माझ्या सगळ्या संचांत सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत जास्त कामाचा ठोकळा हाच.

तंत्राचं थोडक्यात. ठोकळा ओळखायला तुम्ही आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी चिप वाचायची पद्धत, योजलंय. सोळा खाचा म्हणजे सोळा रीडर, खर्च वाढतो आणि जवळजवळच्या अँटेना एकमेकींत ढवळाढवळ करतात. मी प्रत्येक ठोकळ्यात एकच रेझिस्टर घालतो. फळीत 10 किलोओहमचा रेझिस्टर पाच व्होल्टकडे, ठोकळ्यातला ग्राउंडकडे (शून्य व्होल्ट), आणि मधल्या बिंदूवरचा व्होल्टेज आर्डुइनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड वाचतो. 1, 2.2, 4.7, 10, 22, 47 आणि 100 किलोओहम घेतले तर 0 ते 1023 या मापात वाचन अनुक्रमे सुमारे 93, 184, 327, 512, 703, 844 आणि 930 येतं. खाच रिकामी असेल तर 1023. आकड्यांत पुरेसं अंतर आहे, त्यामुळे पाच टक्के फरकाचे साधे रेझिस्टरही चालतात. आर्डुइनो उनोला अॅनालॉग पिना सहाच असतात, म्हणून सोळा वाटा एकेक करून एकाच पिनेवर आणणारी चिप, म्हणजे मल्टिप्लेक्सर, लावा, सीडी74एचसी4067 सहज मिळतो. लांब ठोकळ्यात रेझिस्टर फक्त डोक्याशी ठेवा आणि लांबी प्रोग्रॅमला सांगून ठेवा. डोक्याकडची खुंटी जाड आणि शेपटीकडची बारीक केली की ठोकळा उलटा बसतच नाही.

स्पर्शाला पितळी स्क्रू वापरा, घामानं काळे पडले की पॉलिश पेपरनं घासता येतात. लोहचुंबकावर थेट सोल्डर करू नका, साधे निओडायमियम चुंबक 80 अंशांच्या पुढं ताकद गमावतात. चुंबक वापरलेच तर ते लाकडात पूर्ण गाडून वरून बंद करा. मुलानं दोन चुंबक गिळले तर ते आतड्याला चिमटून जिवावर बेततं. यात कसलीही तडजोड नको.

कॅमेऱ्याचा मार्गही आहे आणि त्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे रिॲक्टेबल. बार्सिलोनाच्या पोम्पेऊ फाब्रा विद्यापीठात सर्जी जोर्डा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 पासून ते घडवलं, आणि 2007 मध्ये गायिका ब्योर्कच्या दौऱ्यामुळे जगभर पोचलं. गोल, उजळलेलं टेबल, त्यावर ठोकळे, खालून कॅमेरा ठोकळ्यांच्या तळाची चिन्हं वाचतो. चिन्हं ओळखणारी त्यांची रिॲक्टिव्हिजन ही प्रणाली सर्वांना मोफत वापरता येते, आणि मी तिच्यावर दोन साधनं बांधली आहेत. मला त्या टेबलाबद्दल मनापासून आदर आहे. पण ते मुळात मंचावर वाजवायचं वाद्य आहे. ठोकळा फिरवताना आवाज बदलत राहतो, आणि त्या क्षणाची मजा जबरदस्त असते. चाल बांधणाऱ्या नवख्याला मात्र कालची मांडणी आज तशीच ऐकायची असते. शिवाय शाळेच्या वर्गात खिडकीतून ऊन आलं की कॅमेऱ्याची पंचाईत होते.

वेळेच्या बाबतीत एकच गोष्ट सांभाळा. ठोकळा ठेवल्याबरोबर तो एकदा हळू आवाजात वाजला पाहिजे, पाळी येईपर्यंत थांबायला लावू नका. नाहीतर मुलाचा हात आणि कान यांची गाठ पडत नाही. ब्लूटूथ स्पीकर टाळा, त्यात 100 ते 200 मिलिसेकंद सहज जातात. स्पीकर फळीच्या पोटातच बसवा, म्हणजे आवाज ठोकळ्याखालून येतो. स्वस्त एमपी3 मॉड्यूल एका वेळी एकच फाइल वाजवतं, दोन कडी एकत्र वाजवायची तर टीन्सी किंवा रास्पबेरी पाय असा जास्त ताकदीचा बोर्ड लागेल.

दिवे वाढवू नका. चालू मात्रा दाखवणारा एक फिरता दिवा पुरे, आणि तोही बंद करता यायला हवा. माझ्या एका संचात प्रत्येक ठोकळ्याखाली रंगीत दिवा होता, मुलं रंगांची रांगोळी जुळवायची आणि कान बाजूला राहायचे. अंध मुलांसोबत काम केल्यावर मला हे पक्कं पटलं. समेच्या खाचेशी एक उंच पितळी खिळा, खालीच्या खाचेशी बोट जाईल एवढा गोल खड्डा, प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर वेगळी खोदाई, एवढ्यावर ती मुलं फळीभर आत्मविश्वासानं फिरतात. संगीत लिहायच्या भातखंडे लिपीत समेला फुली आणि खालीला शून्य लिहितात, हे पुढं त्यांच्या शिक्षकांनी ब्रेलमध्ये सांगितलं तेव्हा मुलांना ते आधीच हातानं माहीत होतं.

बैठक संपते तेव्हा फळी रिकामी करावी लागते, आणि मुलाची चाल डोळ्यांदेखत मोडते. याचा विचार पहिल्यापासून करा. मी सोळा खणांचं वर्तुळ छापलेले कागद देतो आणि सांगतो, “उद्या तुला स्वतःला वाचता येईल असं लिहून ठेव.” कुणी चित्रं काढतात, कुणी आकडे. बॅम्बर्गर यांनी मुलांना टाळ्यांची लय कागदावर उतरवायला सांगितली, तेव्हा काही मुलांनी एका हालचालीत येणाऱ्या टाळ्यांचे झुबके काढले, तर काहींनी प्रत्येक टाळीची लांबी मोजून दाखवली. शाळा दुसऱ्यांना बरोबर म्हणते. बॅम्बर्गर यांनी दाखवलं की पहिलीही संगीतच ऐकत होती, वेगळ्या बाजूनं. माझ्या कागदांवर दोन्ही प्रकार येतात, आणि झुबके काढणाऱ्या मुलांच्या चाली मला बऱ्याचदा जास्त बांधेसूद वाटल्या आहेत.

आता या आठवड्यात काय करायचं ते सांगतो. लाकूड, तारा, सगळं बाजूला ठेवा. पुठ्ठ्याचं गोल कडं कापा, पुठ्ठ्याचेच कमानी तुकडे करा, प्रत्येकावर एक ओळ लिहा. वाजवणारं यंत्र तुम्हीच व्हा: मूल तुकडे ठेवेल आणि तुम्ही हातानं टाळ देत मांडणी गाऊन दाखवाल, जशी असेल तशी, न सुधारता. गळा बरा नसेल तर पेटी घ्या. चार मुलांसोबत अर्धा-अर्धा तास बसा. ऐकल्यावर किती तुकडे उचलले गेले ते वहीत टिपा, आणि उचलताना मूल काय बोललं तेही त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. ते तुकडे आणि ते शब्द मला पाठवा, मग रेझिस्टरांचं बोलू.